हाडांची घडमोड आणि हायालुरोनिक आम्ल

देहांतील सप्तधातूंत हाडाइतका स्थिर धातु दुसरा नाहीं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रक्त वाहतें, मांस भरतें व रोडावतें, मेद चढतो व उतरतो. हाड मात्र एकदां घडलें कीं जन्मभर तसेंच उभें राहतें, जणूं वाड्याच्या पायांतला दगड! मनुष्य गेल्यावरहि मागें उरतें तें हाडच. त्यामुळें तें जिवंतपणींहि निर्जीवच असावें असें वाटल्यास नवल नाहीं. परंतु ही समजूत खरी नव्हे. हाड रोज थोडेंथोडें मोडलें जातें आणि रोज थोडेंथोडें नवें घडतें. या घडमोडीचा हिशोब जुळला तर म्हातारपणींहि मनुष्य ताठ चालतो. हिशोब चुकला तर न्हाणीघरांतील एका घसरण्यानें तो अंथरुणास खिळतो.

या विषयाकडे वळण्यास एक कारण झालें. गेल्या कांहीं वर्षांत ‘हायालुरोनिक आम्ल’ हें अवघड नांव आमच्या तामलवाडीसारख्या गांवांतील घरांतूनहि ऐकूं येऊं लागलें आहे. सूनबाईंच्या मुखलेपाच्या डबीवर तें छापलेलें असतें. सासूबाई गुडघ्यांत जें इंजेक्शन टोंचून घेतात त्यांत तेंच असतें. आणि आतां तर सांधे व हाडें बळकट करणाऱ्या गोळ्या म्हणूनहि त्याची जाहिरात होते. आमचें गांव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर असल्यामुळें हाडाचा दुखणेकरी सोलापुरास नेण्याची येथील रीत आहे. तेथून परत आलेली मंडळी आम्हांस विचारतात, “गुरुजी, ह्यानें हाडें भरून येतात का हो?” या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देण्यासारखें नाहीं. म्हणून तें विस्तारानें येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हाडाची घडमोड कशी चालते तें पाहूं. आमच्या भागांत जुनीं घरें माळवदी असत. पावसाळ्यापूर्वीं माळवदावरची फुटलेली व धुपलेली माती काढावी आणि नवी पांढरी माती टाकून ती चोपून बसवावी, असा दरवर्षींचा क्रम असे. ज्या वर्षीं काढणें झालें आणि घालणें राहिलें, त्या वर्षीं घर गळूं लागे. हाडाचें अगदीं असेंच आहे. त्यांत दोन प्रकारचे कामकरी राबत असतात. एक जुनें हाड विरघळवून काढणारे. त्यांस ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आपण त्यांस अस्थिभक्षक पेशी म्हणूं. दुसरे नवें हाड घालणारे. त्यांस ऑस्टिओब्लास्ट म्हणतात, आपण त्यांस अस्थिकर पेशी म्हणूं. अस्थिभक्षक पेशी रक्ताच्या पेशींच्याच कुळांतील असून अनेक लहान पेशी एकत्र मिळून त्यांतील एकेक तयार होते. ती हाडाला चिकटून आम्ल सोडते व तेवढा भाग विरघळवून टाकते. त्या खड्ड्यांत मागाहून अस्थिकर पेशी येतात, प्रथम तंतूंचा सांगाडा विणतात आणि मग त्यांत चुन्याचे क्षार भरतात. काढण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकतें. भरण्यास मात्र कांहीं महिने लागतात. अशा रीतीनें प्रौढ मनुष्याच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दरवर्षीं नवा होतो.

आतां काढणाऱ्यांना काम केव्हां करावें व केव्हां थांबावें हें कोण सांगतें? १९९७-९८ च्या सुमारास अमेरिकेंतील व जपानांतील संशोधकांनीं याचा उलगडा केला. अस्थिकर कुळांतील पेशी स्वतःच ‘रँक-लिगंड’ नांवाचें एक द्रव्य धारण करतात. तें जवळून जाणाऱ्या कोवळ्या भक्षक पेशीला भेटलें कीं ती पक्व होऊन कामास लागते. त्याचबरोबर ‘ऑस्टिओप्रोटेजेरिन’ नांवाचें दुसरें एक द्रव्य त्या निरोपाला वाटेंतच अडवितें. म्हणजे घालणाराच काढणाऱ्याला बोलावतो आणि आवरतोहि. स्त्रियांची पाळी कायमची बंद झाली म्हणजे इस्ट्रोजेन हें संप्रेरक ओसरतें, बोलावणें वाढतें, आवरणें कमी पडतें. आणि म्हणूनच त्या वयानंतर बायकांचीं हाडें पुरुषांच्या मानानें झपाट्यानें विरळ होतात.

येथवर हाडाची गोष्ट झाली. आतां ज्याच्या नांवानें एवढी चौकशी होते त्या हायालुरोनिक आम्लाकडे येऊं. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९३४ सालीं गाईच्या डोळ्यांतील कांचेसारख्या पारदर्शक रसांतून हें द्रव्य वेगळें केलें. ग्रीक भाषेंत कांचेस ‘हायालोस’ म्हणतात, त्यावरून त्याचें नांव पडलें. आम्ल म्हटलें म्हणून तें लिंबाच्या रसासारखें झोंबणारें असेल असें मात्र कोणीं समजूं नये. तो दोन शर्करांची एक लांबच लांब माळ आहे. एक मोतीं, एक पोवळें, पुन्हां मोतीं, पुन्हां पोवळें, अशी माळ ओंवावी, तशी या दोन शर्करा एकाआड एक गुंफलेल्या असतात. निरोगी सांध्यांतील एकेका माळेंत अशा दहा हजारांहून अधिक जोड्या असतात. ती ताणून सरळ धरतां आली तर तिची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी भरेल; एका रेणूला ही लांबी प्रचंडच म्हटली पाहिजे. ही माळ भोवतीं पुष्कळ पाणी धरून ठेवते व त्यामुळें फुगून बुळबुळीत होते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगांत हें द्रव्य सुमारें १५ ग्रॅम असतें, आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून पुन्हां नवा तयार होतो.

सांध्यांतील ओलाव्याकडे आपल्या पूर्वाचार्यांचेंहि लक्ष गेलें होतें. आंसाला वंगण घातलें म्हणजे चाक जसें सुरळीत फिरतें, तसे श्लेष्म्यानें युक्त असलेले सांधे सुरळीत चालतात, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत आलेला आहे. वाग्भटानें या सांध्यांतील कफास ‘श्लेषक’ असें स्वतंत्र नांवच दिलें. आणि त्याच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा हेमाद्रि हा तर आपल्याच देवगिरीच्या यादवांचा मंत्री. म्हणून श्लेषक तेंच हायालुरोनिक आम्ल असें ठोकून देण्याचा मोह संस्कृतज्ञांस होणें स्वाभाविक आहे. परंतु तो आवरलेला बरा. पूर्वाचार्यांनीं जें पाहिलें तें सांध्याचें कार्य; १९३४ सालीं सांपडला तो त्या रसांतील अनेक द्रव्यांपैकीं एक रेणु. एकाचें श्रेय दुसऱ्यास दिल्यानें दोघांचाहि मान राहत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. हा रेणु केवळ वंगण असता तर हाडाच्या घडमोडीशीं त्याचा फारसा संबंध आला नसता. परंतु तो हाडाच्या आंतील मज्जेंत आहे, मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोंकांशीं असलेल्या कूर्चेंत आहे, आणि मोडलेल्या हाडाच्या भरणींतहि आहे. पेशींच्या अंगावर ‘सीडी-४४’ नांवाचे जणूं हात असतात. त्यांनीं त्या ही माळ धरतात आणि ती धरल्यावर त्यांच्या वागण्यांत पालट होतो. अस्थिकर व अस्थिभक्षक या दोन्ही कुळांतील पेशींस हे हात आहेत. म्हणजे ही माळ वंगणहि आहे आणि निरोपहि आहे.

वाढत्या शरीरांत तिचें महत्त्व किती, हें उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. ही माळ ओंवण्याचें काम मुख्यतः ‘हॅस-२’ नांवाच्या जनुकाकडे असतें. तें जनुक सर्व शरीरांतून काढून टाकलें तर उंदराचा गर्भ पोटांतच मरतो, असें २००० सालीं दिसून आलें. पुढें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तें केवळ गर्भाच्या हातापायांपुरतें काढलें, तेव्हां पिलें आंखूड हातापायांचीं झालीं व त्यांच्या बोटांचे सांधेहि नीट घडले नाहींत.

मात्र खरी मौज पुढेंच आहे. ही माळ काय सांगते, हें ती किती लांब आहे यावर अवलंबून असतें. लांब, अखंड माळ भोवतीं असली म्हणजे रँक-लिगंडाचें बोलावणें मंदावतें व भक्षक पेशी कमी तयार होतात, असें पेशींवरील प्रयोगांत आढळलें. उंदरांच्या कवटीच्या हाडांतून काढलेल्या पेशींना लांब माळेचें द्रव्य योग्य प्रमाणांत दिलें असतां त्यांनीं चुन्याचे क्षार अधिक सांठविले, असेंहि दिसलें. उलट त्याच माळेचे लहान तुकडे दिले तेव्हां भक्षक पेशी अधिक तयार होऊन अधिक खादाड झाल्या, असे प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाले. मणी तेच, ओंवण्याचा क्रम तोच. पण अखंड माळ म्हणते ‘शांत रहा’, आणि तुटलेली माळ म्हणते ‘येथें कांहीं बिघडलें आहे, धांवा!’ शरीरांत दाह झाला, सांधा सुजला, म्हणजे ही माळ तुटते. तेव्हां तुकड्यांनीं असा बोभाटा करणें हें शरीराच्या दृष्टीनें योग्यच आहे. सर्वच प्रयोगांचे निकाल एकमेकांशीं जुळतात असें नाहीं. तुकडे किती लहान, द्रव्य किती आणि पेशी कोणत्या अवस्थेंतील, यांप्रमाणें उत्तर पालटतें. परंतु ‘हें द्रव्य हाडास चांगलें आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे, एवढें यावरून स्पष्ट होतें. किती लांब, कोठें आणि केव्हां, हें विचारल्यावांचून त्यास अर्थ नाहीं.

तर मग माळ कधीं तुटूंच नये, असें म्हणावें काय? तेंहि नाहीं. ती तोडण्यासाठीं शरीरांत हायालुरोनिडेज नांवाचीं एन्झाइमें आहेत. त्यांपैकीं एक जन्मतःच निकामी असलेल्या एका मुलीची हकीकत १९९६ सालीं वैद्यकीय नियतकालिकांत आली. तिची उंची खुंटलेली होती, सांध्यांभोंवतीं मऊ गांठी आलेल्या होत्या, आणि मांडीच्या हाडाचें डोकें ज्या खोबणींत बसतें ती खोबण झिजलेली होती. हें अत्यंत विरळ दुखणें आहे. परंतु त्यापासून घेण्याचा धडा सर्वांसाठीं आहे. जेथें घडणें आहे तेथें मोडणेंहि हवें. दोहोंचा मेळ हेंच आरोग्य.

हा मेळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो हाड मोडून पुन्हां जुळतांना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या घरांखालीं हजारों माणसें दगावलीं. जीं वांचलीं त्यांतील कितीएकांचीं हाडें मोडलीं होतीं. अशा मोडलेल्या हाडाच्या दोन टोंकांमध्यें प्रथम रक्ताची गांठ होते. मग तेथें मऊ भरण तयार होतें. त्या मऊ भरणांत हायालुरोनिक आम्ल विपुल असतें, कारण नव्या पेशींना इकडून तिकडे सरकावयास त्या पाणीदार, सैल जागेचा उपयोग होतो. पुढें भरण कडक होऊं लागलें कीं हें द्रव्य ओसरतें, आणि मग कित्येक महिने काढणारे व घालणारे मिळून त्या ओबडधोबड सांध्यास मूळचा घाट देत राहतात. सुश्रुतानें भग्नचिकित्सेंत बांबूच्या व झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधावयास सांगून पुढें असें म्हटलें आहे कीं, तरुणपणीं जो सांधा एका महिन्यांत स्थिर होतो, त्यास मध्यम वयांत दुप्पट व उतारवयांत तिप्पट काळ लागतो. वयाबरोबर घडमोड मंदावते, ही गोष्ट त्याच्या नजरेंतून सुटली नव्हती.

आतां गुडघ्यांतील इंजेक्शनाकडे वळूं. हें औषध पूर्वीं कोंबड्याच्या तुऱ्यांतून काढीत. तें आतां जंतूंच्या साह्यानें आंबवूनहि तयार करतात. जपानांत १९८७ पासून व अमेरिकेंत १९९७ पासून झिजलेल्या गुडघ्यासाठीं त्यास मान्यता आहे. परंतु त्याचा गुण किती? २०२२ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत एकवीस हजारांवर रुग्ण होते. वेदना कमी होते, पण खोट्या औषधापेक्षां ती इतकी थोडी अधिक कमी होते कीं रुग्णास व्यवहारांत फारसा फरक जाणवूं नये, असा त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेंतील अस्थिवैद्यांच्या संस्थेनेंहि २०२१ च्या मार्गदर्शिकेंत तें सर्रास वापरूं नये असेंच सांगितलें आहे. एखाद्या रुग्णास त्यापासून आराम वाटत असेल, तर त्याचा निर्णय त्यानें व त्याच्या डॉक्टरांनीं करावा. त्यास आमचा आक्षेप नाहीं. आमचें म्हणणें निराळेंच आहे. तें औषध गुडघ्याच्या सांध्याचें आहे, हाडाचें नव्हे. गुडघ्यांत टोंचलेलें औषध कमरेच्या हाडास भरून काढीत नाहीं. चेहऱ्यास लावलेला लेप चेहऱ्याच्या कातडीपुरता. तोंडावाटे घेतलेली लांब माळ तर आंतड्यांतील जंतु तोडूनच टाकतात. तिनें माणसाचें मोडणारें हाड वांचविलें असें दाखविणारा भक्कम पुरावा नाहीं.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध काकूंनीं शहरांतील एका दवाखान्यांत जाऊन दोन्ही गुडघ्यांत हें औषध घेतलें. सांठविलेले पैसे त्यांत गेले, त्याचें त्यांस दुःख नव्हतें. गुडघे थोडे हलके झाले होते. पण “आतां माझीं हाडें भरलीं” असें त्यांनीं मनाशीं धरलें. त्यापूर्वीं साध्या पडण्यानें त्यांचें मनगट मोडलें होतें, उंचीहि बरीच कमी झाली होती. तरी हाडांची घनता तपासून घ्या असें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं, आणि त्यांसहि ती गरज वाटेनाशी झाली. वर्षाच्या आंत त्या अंगणांत घसरल्या आणि मांडीचें हाड खुब्याशीं मोडलें. त्यानंतर त्या स्वतःच्या पायांनीं देवघरापर्यंत गेल्या नाहींत. एका औषधाचें नांव दुसऱ्या दुखण्यास चिकटलें म्हणजे काय होतें, हें यावरून दिसेल.

मग हाडांसाठीं करावें काय? उपाय जुनेच आहेत, पण शास्त्रानें त्यांचीं कारणें आतां दाखविलीं आहेत. पहिला उपाय भार. हाड ज्या कामास लावावें त्याप्रमाणें तें घडतें, असा सिद्धांत युलिउस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं मांडला. अंतराळांत गेलेल्या प्रवाशांच्या अंगावर वजनाचा भार नसतो, म्हणून त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा शेंकडा एक-दीडनें घटते. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास पायीं जाणारे भाविक आमच्या गांवावरून लोटतात. त्यांत साठी उलटलेल्या बायकाहि असतात. ती वाटचाल वर्षांतून एकदांच न राहतां, तिचा लहानसा अंश रोजचा व्हावा, म्हणजे तें हाडांच्या पथ्यावर पडेल.

दुसरा उपाय आहार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रौढांस रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचविलें आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांस तें १२०० लागतें. आमच्या भागांतील मुख्य अन्न जी ज्वारीची भाकरी, तिच्या शंभर ग्रॅम पिठांत तें जेमतेम २५-३० मिलिग्रॅम असतें. नाचणींत सुमारें ३५०, तर तिळांत हजाराच्या वर. तेव्हां ज्वारी सोडण्याचें कारण नाहीं; तिच्या जोडीस दूध, ताक, तिळाची चटणी व अधूनमधून नाचणी असावी, आणि डाळींची कमतरता नसावी, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच विणलेला असतो. तिसरा उपाय ऊन. कातडीवर ऊन पडल्याशिवाय शरीरांत पुरेसें ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाहीं, आणि त्यावांचून खाल्लेलें कॅल्शियम अंगीं लागत नाहीं. एवढें ऊन असलेल्या आपल्या देशांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्वत्र आढळते. कारण आपण घरांत व अंगभर वस्त्रांत वावरतों.

याउपर हाडें विरळ झालींच असतील तर त्यावर खात्रीचीं औषधें आहेत. कांहीं भक्षक पेशींस आवरतात. रँक-लिगंडाला अडविणारें एक औषध तर २०१० पासून वापरांत आहे. मात्र तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात, व अर्धवट सोडून चालत नाहींत.

म्हणून आमचें घरोघरच्या सुना-लेकींस एवढेंच सांगणें आहे. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीस गुडघ्यांत हें औषध देण्याचें ठरलें, तर डॉक्टरांस तीन प्रश्न अवश्य विचारा. हें औषध सांध्याचें कीं हाडाचें? यापासून किती आराम मिळेल व किती दिवस? आणि यांच्या हाडांची घनता तपासली आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांनीं कदाचित् पैसे वांचतील. तिसऱ्या प्रश्नानें त्यांचे पाय वांचतील.